नवी बॅटरीही उतरते आहे : सुटे भाग बदलण्याआधी बिघाड कसा शोधावा?

कृष्णाकाठ

नमस्कार. आमची पाच आसनी पेट्रोल गाडी २०१४ सालची असून आजवर ७८,००० किलोमीटर चालली आहे. कराडमधील रोजची कामे दुचाकीवर होतात, त्यामुळे ही गाडी आठवड्यातून दोन-तीन वेळाच बाहेर निघते. परंतु वडिलांना दर पंधरा दिवसांनी पुण्याला तपासणीसाठी न्यावे लागते आणि त्या दिवशी पहाटे पाच वाजता ती सुरू होणे आमच्यासाठी फार गरजेचे असते. गेल्या चार महिन्यांत तीन वेळा ती सुरू झाली नाही. किल्ली फिरवली की ‘टकटकटक’ असा आवाज येतो, डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात आणि सेल्फ फिरतच नाही.

पहिल्या वेळी बॅटरी चार वर्षांची झाली होती, म्हणून ती बदलण्याचा गॅरेजचा सल्ला मला पटला. नवी ३५ अँपिअर-अवरची बॅटरी बसवली. सहा आठवड्यांनी तोच प्रकार पुन्हा घडला. बॅटरीच्या दुकानदाराने ती चार्ज करून, भार देऊन तपासली आणि बॅटरीत दोष नसल्याचे सांगितले. गॅरेजमध्ये इंजिन चालू असताना १४.१ व्होल्ट मिळाले, म्हणून अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनित्रही ठीक ठरला. आता सेल्फ बदलून पाहू, असे ते म्हणत आहेत. खर्चापेक्षाही मला अधिक खटकते ते हे की नेमके काय बिघडले आहे, हे अजून कोणीच सांगितलेले नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. तिचा याच्याशी संबंध आहे की नाही, हे मला ठरवता आलेले नाही. काही दिवसांपासून रेडिओ लावला की मागे बारीक गुणगुण ऐकू येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की तिची पट्टी चढते. माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे आणि तो वापरता येतो. कोठून सुरुवात करावी, हे कृपया सांगावे.

जुना पाना

कृष्णाकाठ, आपण सेल्फ बदलण्याआधी थांबलात हे फार चांगले केलेत. मी एसटीच्या आगारात ३१ वर्षे विजेच्या दुरुस्तीचे काम केले. बसची यंत्रणा २४ व्होल्टची आणि आपल्या गाडीची १२ व्होल्टची, एवढा फरक सोडला तर शोधण्याची रीत तीच आहे.

पहिला पुरावा आवाजाचा. ‘टकटकटक’ असा भराभर आवाज येतो, तेव्हा सेल्फवरचा सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला वीज जोडून देणारा चुंबकी स्विच, ओढला जातो, भार पडताच बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज पुन्हा वर येतो आणि तो परत ओढला जातो. म्हणजे वीज अपुरी आहे किंवा वाटेत अडते आहे. याउलट एकच जोरदार ‘टक’ येऊन पुढे शांतता राहिली आणि दिवे मंदावले नाहीत, तर सोलेनॉइडचे काँटॅक्ट किंवा सेल्फचे कार्बन (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे ब्रश) यांच्याकडे पाहावे. काहीच आवाज आला नाही, तर इग्निशन स्विच, क्लचचा स्विच, सेल्फचा रिले किंवा किल्लीची इमोबिलायझर यंत्रणा (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी) यांचा विचार करावा. आपल्या वर्णनातून सेल्फवर संशय घेण्यास मला फारसा आधार दिसत नाही.

दुसरा पुरावा मोजमापाचा. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, दार उघडण्यापूर्वी शक्य नसेल तर निदान किल्ली लावण्यापूर्वी, बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी झाली आणि १२ च्या खाली ती जवळजवळ संपली, असे समजावे. मग घरातील कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून त्याच क्षणी पुन्हा मोजा. चार्ज असलेल्या बॅटरीचा व्होल्टेज तेव्हा ९.६ च्या खाली जाऊ नये. तो १०.५ च्या वर टिकला आणि तरीही सेल्फ जड फिरला, तर दोष बॅटरीत नसून केबल, अर्थिंग (बॅटरीच्या ऋण टोकाची इंजिन व बॉडीशी असलेली जोडणी) किंवा सेल्फमध्ये आहे.

अर्थिंगही लगेच तपासता येते. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर, आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे किंवा सैल झाली आहे. पावसाळ्यानंतर हा दोष मी असंख्य वेळा पाहिला आहे, आणि त्यापायी चांगले सेल्फ भंगारात गेलेलेही पाहिले आहेत.

आपली गाडी चालवून आणल्यावर लगेच सुरू होते, पण दोन-तीन दिवस उभी राहिली की होत नाही, असे असेल तर गाडी बंद असताना कोठेतरी वीज झिरपते आहे. ते मोजण्यासाठी सर्व दिवे बंद करा, बॉनेट उघडे ठेवा, दार लागले आहे असे गाडीला वाटावे म्हणून दाराच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद स्थितीत आणा आणि किल्ली गाडीपासून दूर ठेवा. बॅटरीची ऋण केबल काढून, मीटर १० अँपिअरच्या विभागावर ठेवून, खांब आणि केबल यांच्यामध्ये मीटर जोडा. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, कारण गाडीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जाग्या असतात. त्या झोपेपर्यंत अर्धा तास थांबा. त्यानंतर ०.०२ ते ०.०५ अँपिअर दिसले तर ते स्वाभाविक आहे. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका आणि हेडलाइट लावू नका. मीटरचा फ्यूज त्याच क्षणी जाईल.

माळरान

माझ्याही गाडीला हा त्रास होता. मी रोज रात्री बॅटरीची ऋण केबल काढून ठेवू लागलो आणि तेव्हापासून गाडी कधीही अडली नाही. दहा नंबरचा पाना दारातच ठेवतो. हा उपाय बिनखर्चाचा असल्यामुळे सुचवावासा वाटला.

जुना पाना

माळरान, पुण्याला जाण्याची पहाट तोंडावर आली असेल तर तात्पुरता उपाय म्हणून मीही हेच सांगेन. मात्र दररोज तसे केल्याने केबलचा क्लॅम्प झिजून सैल होतो, घड्याळ व रेडिओची स्मृती पुसली जाते आणि इंजिनच्या नियंत्रकाने शिकलेली आयडलिंगची (गाडी उभी असताना इंजिन संथ चालण्याची) जुळणीही पुष्कळ गाड्यांमध्ये नष्ट होते. शिवाय जो भाग वीज झिरपवतो आहे तो आत बिघडतच राहतो. आपल्याही गाडीचे मोजमाप एकदा जरूर करावे, अशी विनंती आहे.

कृष्णाकाठ

आपण सांगितल्याप्रमाणे शनिवारी सकाळी सर्व मोजमाप केले. बॅटरी बाहेरून चार्ज करून आणल्यामुळे रात्रभर उभ्या गाडीवर १२.४८ व्होल्ट मिळाले. सेल्फ मारताना १०.७ व्होल्ट होते आणि सेल्फ अगदी मोकळा फिरला. अर्थिंगमधील फरक ०.१२ व्होल्ट आला. म्हणजे सेल्फ आणि अर्थिंग दोन्ही निर्दोष दिसतात.

झिरपणारी वीज मात्र पाऊण तासानंतरही ०.४६ अँपिअर होती. हिशेब केला तर एका दिवसात ११ अँपिअर-अवर होतात. तीन दिवसांत माझी ३५ ची बॅटरी रिकामी होणारच. चार महिने जे कोडे वाटत होते, ते मीटरवरच्या या एका आकड्याने उलगडल्यासारखे वाटले आणि मी सौ.ला हाक मारून तो दाखवला.

पुढे मात्र अडलो. डिकीचा दिवा पेटता राहतो का, हे पाहण्यासाठी मोबाइलचा कॅमेरा सुरू ठेवून तो आत ठेवला, दिवा विझतो. ग्लव्ह बॉक्समध्ये दिवाच नाही. मग एकेक करून आतले आणि बॉनेटखालचे सर्व छोटे फ्यूज काढले. सगळे काढल्यावरही आकडा ०.४४ वरच राहिला. कोणत्याच फ्यूजमागे चोर सापडत नसेल तर वीज जाते कोठे?

जुना पाना

आपली मोजणी अतिशय व्यवस्थित आहे, आणि फ्यूज काढूनही आकडा हलला नाही ही अडचण नसून मोठी खूण आहे. छोट्या फ्यूजांमधून न जाणारी, बॅटरीच्या धन टोकाशी जाड तारेने कायम जोडलेली ठिकाणे गाडीत मुख्यतः दोन : सेल्फ आणि अल्टरनेटर. त्यांच्या वाटेत असलाच तर एखादा मोठा, स्क्रूने बसवलेला फ्यूज असतो. आता आपण सुरुवातीला लिहिलेली रेडिओची गुणगुण आठवा. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारा तो आवाज अल्टरनेटरमधून येणाऱ्या अशुद्ध विजेचा असतो. मला अल्टरनेटरमधील डायोड प्लेटचा संशय आहे.

अल्टरनेटर आतमध्ये प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारी, वीज तयार करतो आणि डायोड तिला बॅटरीला चालेल अशा एकाच दिशेच्या विजेत बदलतात. साध्या रचनेत सहा डायोड असतात, तीन धन बाजूला आणि तीन ऋण बाजूला. डायोड म्हणजे एका दिशेने उघडणारा दरवाजा. गाडी बंद असताना बॅटरीची वीज उलट अल्टरनेटरमध्ये शिरू नये, हेही काम तेच करतात. धन बाजूचा एक आणि ऋण बाजूचा एक असे दोन दरवाजे नीट लागेनासे झाले, की बॅटरीतील वीज एकातून शिरून, वेटोळ्यांमधून फिरून, दुसऱ्यातून अर्थला पोहोचते. अशा अल्टरनेटरचा चार्जिंग व्होल्टेज १४.१ येऊ शकतो, कारण उरलेले डायोड काम करत असतात आणि मीटर फक्त सरासरी दाखवतो. गॅरेजची नोंद खोटी नव्हती. ती अपुरी होती.

खात्री दोन प्रकारे करता येईल. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट आणि ब्लोअर लावून, वेग मिनिटाला साधारण १५०० फेऱ्यांवर धरावा आणि बॅटरीच्या टोकांवर मीटरच्या प्रत्यावर्ती विभागात, म्हणजे ज्यावर नागमोडी रेघ असते त्या विभागात, व्होल्टेज मोजावा. चांगल्या डायोडांवर हा आकडा ०.१ च्या आसपास असतो, ०.५ च्या वर गेला तर डायोड गेले. मात्र काही स्वस्त मीटर या विभागात सरळ विजेवरही भलताच आकडा दाखवतात, म्हणून आधी इंजिन बंद ठेवून मोजा आणि तेथे शून्य येते का ते पाहा. शून्य येत नसेल तर त्या मीटरवर ही तपासणी करता येणार नाही.

दुसरी खूण हाताला कळणारी आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी अल्टरनेटरच्या पाठीला हात लावा. ०.४४ अँपिअर म्हणजे पाच वॉटहून थोडी अधिक उष्णता होते, आणि शेजारचे इंजिन गार असताना अल्टरनेटर किंचित कोमट लागू शकतो.

शेवटी, बॅटरीची ऋण केबल आधी काढून, मगच अल्टरनेटरच्या मागची जाड तार सोडवा, तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळा आणि पुन्हा मीटर लावा. हा क्रम चुकवू नये. ती तार थेट बॅटरीशी जोडलेली असते आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगीने हात भाजतो.

कोकणवाट

चर्चेत मध्येच दुसरा बिघाड आणतो आहे, त्याबद्दल क्षमस्व. पण भाग बदलत राहण्याची माझीही तीच अवस्था आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना माझी गाडी गरम होते. काटा लाल रेघेला टेकला की थांबावे लागते. महामार्गावर ताशी ८० किलोमीटरने दोन तास चालवली तरी काटा मध्यावरच असतो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) बदलले, त्याचा प्रवाह तापमानानुसार सोडणारा थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह बदलला, काहीही फरक पडला नाही. आता इंजिन उघडून हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधील सील) पाहायला सांगितले आहे. सोबत लहान मुले असताना वळणावर गाडी उभी करावी लागते, तेव्हा फार भीती वाटते.

तिसरा गिअर

कोकणवाट, काटा केव्हा चढतो यातच पुष्कळसे उत्तर असते. महामार्गावर गाडीच्या वेगामुळे रेडिएटरवर आपोआप वारा येतो. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिन पूर्ण ताकद लावते, वारा मात्र जवळजवळ नसतो, म्हणून सगळी भिस्त पंख्यावर असते. रेडिएटर आतून क्षाराने चोंदला असता किंवा वॉटर पंप कमजोर असता, तर बहुधा महामार्गावरही काटा थोडा वर सरकला असता. म्हणून मी पंख्यापासून सुरुवात करीन. गाडी सपाट जागी उभी करून एसी लावा आणि बॉनेट उघडून पाहा. बहुतेक गाड्यांमध्ये एसी लावताच काही क्षणांत पंखा फिरू लागला पाहिजे. फिरत नसेल तर फ्यूज पाहा, मग पंख्याचा रिले शेजारच्या त्याच आकाराच्या आणि क्रमांकाच्या रिलेशी अदलाबदल करून पाहा, आणि तरीही फिरत नसेल तर पंख्याच्या मोटरला बॅटरीवरून थेट वीज द्या. थेट विजेवर मोटर फिरली तर मोटर चांगली आहे आणि दोष वाटेत आहे. पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून बोटे व ओढणी-उपरणे दूर ठेवावे.

हेड गॅस्केटची लक्षणे निराळी असतात. बाहेर कोठेही गळती नसताना कूलंट कमी होत राहणे, थंड इंजिन सुरू करताच कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येणे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येणे किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर जमणे, यांपैकी काहीच नसेल तर इंजिन उघडण्याची घाई करू नका. थर फक्त झाकणाखालीच असेल तर तो पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांमुळेही येतो. ऑइलची पट्टी बाहेर काढून तीही पाहावी.

घाटात काटा चढलाच तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरम करून ब्लोअर जोरात सोडा. आत उकडेल, पण इंजिनची उष्णता बाहेर पडायला तेवढाच दुसरा रेडिएटर मिळतो. रेडिएटरचे झाकण मात्र कोणत्याही परिस्थितीत लगेच उघडू नका. साध्या दाबाला १०० अंशांना उकळणारे पाणी, झाकणाने सुमारे १ बार जादा दाब राखल्यावर, १२० अंशांपर्यंत न उकळता राहते. झाकण सैल होताच तो दाब जातो आणि सगळे एकदम उसळून वर येते. माझ्या थोरल्या भावाच्या हातावर आणि गळ्यावर त्या भाजण्याचे डाग आजही आहेत. निदान पाऊण तास थांबावे, वरचा रबरी पाइप हाताला थंड व मऊ लागल्यावरच, जाड कापड टाकून झाकण हळूहळू फिरवावे.

कृष्णाकाठ

जुना पाना काका, आपला अंदाज अचूक निघाला. इंजिन बंद असताना माझा मीटर प्रत्यावर्ती विभागात शून्य दाखवतो, आणि इंजिन चालू असताना त्याने ०.९ व्होल्ट दाखवले. सकाळी हात लावला तेव्हा अल्टरनेटर खरोखरच कोमट होता. आपण सांगितलेल्या क्रमाने जाड तार सोडवून पुन्हा मोजले तेव्हा आकडा ०.४६ वरून ०.०२ वर आला.

अल्टरनेटर काढून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेला. तो पूर्ण नवा घ्यावा, असे प्रथम सुचवले गेले. परंतु मी मोजलेले आकडे कागदावर लिहून नेले होते, ते पाहून त्यांनी तो उघडला आणि प्रत्येक डायोड वेगळा तपासला. धन बाजूचा एक आणि ऋण बाजूचा एक, असे दोन डायोड दोन्ही दिशांनी वीज सोडत होते. कटआउट (व्होल्टेज नियंत्रक) आणि बेअरिंग चांगले होते. कार्बन झिजले होते, तेही त्याच वेळी बदलले. डायोड प्लेट, कार्बन आणि मजुरी मिळून १,७०० रुपये झाले. माझ्या नव्या बॅटरीला यापेक्षा दुपटीहून अधिक पैसे पडले होते. रेडिओची गुणगुणही पूर्ण थांबली आहे.

एक शंका उरली आहे. नवी बॅटरी दोनदा पूर्ण उतरली, त्यामुळे तिचे कायमचे नुकसान झाले असेल का?

जुना पाना

आकडे कागदावर नेलेत, हे वाचून फार समाधान वाटले. कारागिराला लक्षणांऐवजी मोजमाप दिले की त्याचेही काम सोपे होते.

बॅटरीचे थोडे नुकसान नक्कीच झाले असेल. शिसे-आम्लाची बॅटरी रिकामी राहिली की पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची साठवण कायमची घटते. ती जितके दिवस रिकामी राहते, तितके नुकसान वाढते. आपण दर वेळी लगेच चार्ज करून घेतलीत, हे बरे झाले. आता एकदा बाहेरच्या चार्जरवर, कमी अँपिअरवर रात्रभर पूर्ण चार्ज करा. गाडीचा अल्टरनेटर छोट्या फेऱ्यांमध्ये खोल उतरलेली बॅटरी पूर्ण भरू शकत नाही, आणि नव्या डायोडांवरही तो भार विनाकारण पडतो. त्यानंतर गाडी आठवडाभर उभी ठेवून पुन्हा मोजा. १२.४ च्या वर राहिली तर काळजीचे कारण नाही.

कोकणवाट

तिसरा गिअर, आपले अनेक आभार. एसी लावल्यावर पंखा हललाही नाही. फ्यूज आणि रिले दोन्ही चांगले होते, आणि थेट वीज दिल्यावर मोटर जोरात फिरली. मोटरजवळचा कनेक्टर उघडला तेव्हा त्यातील एक पिन जळून काळी पडलेली आणि प्लास्टिक वितळलेले दिसले. बहुधा पिन सैल होऊन तापत गेली असावी. तारेसह नवा कनेक्टर बसवून घेतला. रविवारी मुलांना घेऊन पोलादपूरहून निघालो आणि एसी चालू ठेवूनच महाबळेश्वरपर्यंत चढलो. काटा मध्यावरून हलला नाही. इंजिन उघडले नाही, याचे मोठे समाधान आहे.

माळरान

जुना पाना, आपण विनंती केल्याप्रमाणे मीही मोजले. माझ्याकडे ०.३१ अँपिअर झिरपत होते आणि एक फ्यूज काढताच ते ०.०३ वर आले. तो फ्यूज मागाहून बसवून घेतलेल्या म्युझिक सिस्टिमचा निघाला. बसवणाऱ्याने ॲम्प्लिफायर चालू करणारी तार किल्लीबरोबर बंद होणाऱ्या विजेला न जोडता कायम चालू राहणाऱ्या विजेला जोडली होती. तार बदलायला वीस मिनिटे लागली. दारातला पाना आता हत्यारांच्या डब्यात गेला आहे.

कृष्णाकाठ

बॅटरी रात्रभर चार्ज करून गाडी आठ दिवस जागेवरच ठेवली होती. आज पहाटे मोजले तेव्हा १२.५१ व्होल्ट होते. हे पुण्याहून लिहितो आहे. वडील आत तपासणीसाठी गेले आहेत.